रिकामा सिलिंडर

सहादूने व्हॅनचं मागचं दार वर उचललं आणि चार सिलिंडर एकेक करून पायरीवर उतरवले. चौथा ठेवताना कमरेत कळ आली, ती त्याने चेहऱ्यावर येऊ दिली नाही. चांदवडपासून नाशिकपर्यंत त्याने गाडी चाळिसाच्या वर नेलीच नव्हती. रुखवताची ताटं न्यावीत इतक्या जपून त्याने हे ओझं आणलं होतं.

प्रशिक्षण केंद्राचे समन्वयक आल्हाद सर लगबगीने बाहेर आले. गळ्यात टाय आणि निळ्या फितीचं ओळखपत्र, हातात दोन फोन. त्यांनी एका सिलिंडरला बुटाचं टोक लावून पाहिलं. तो हलला नाही.

"हे भरलेले आहेत?"

"चारी भरलेत," सहादू म्हणाला. "गाडी कुठं उभी हाय सर? थेट गाडीतच चढवतो."

"कसली गाडी?"

गाडी कसली हे सांगायचं तर साडेतीन वर्षं मागे जावं लागेल. सहादू हा चांदवडचा फ्रीज-एसीचा मेकॅनिक. हायवेवरचे ढाबे, आइस्क्रीमची दुकानं, दूध संकलनाच्या टाक्या, सगळीकडे त्याचं काम. या धंद्यात जुना गॅस काढायची एकच रीत. पाइप कापायचा, फुस्स करून गॅस हवेत सोडायचा आणि नवा भरायचा. सहादूनेही वीस वर्षं तेच केलं. मग याच केंद्रात चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. जगातल्या देशांनी करार केलाय, हा गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो, म्हणून तो सोडायचा नाही, यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये धरायचा, असं संपदा मॅडमनी शिकवलं. बाकीच्यांनी प्रमाणपत्र घेतलं, दुपारचं जेवण हाणलं आणि घरी गेले. सहादूने मात्र ते मनावर घेतलं. मॅडम म्हणाल्या होत्या, सिलिंडर भरला की फोन करा, गाडी येईल, गॅस शुद्ध होऊन पुन्हा वापरात येईल.

त्याने जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरवर स्वतःच यंत्र जुळवलं. पदरमोड करून सिलिंडर घेतले. ज्या कामाला हायवेपलीकडचा राजू दहा मिनिटं घ्यायचा, त्याला सहादूला तास लागू लागला. गिऱ्हाईक राजूकडे वळलं. भरलेले सिलिंडर ठेवायला घरातली गव्हाची कोठी पडवीत काढावी लागली. नवसाबाई, त्याची बायको, एकदा म्हणाली की लोक सोनंनाणं सांभाळतात, आमचे हे वारं सांभाळतात. तो हसला नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मॅडमना फोन करत राहिला, आणि प्रस्ताव वर गेलाय, हे एकच उत्तर ऐकत राहिला. प्रस्ताव इतका वर गेला होता की एव्हाना त्यानेच ओझोनला हात लावला असेल.

आणि काल केंद्रातून फोन आला. उद्या शेजारच्या देशांचे पाहुणे येतायत, गॅस धरायचं प्रात्यक्षिक तुम्हीच करायचं, सिलिंडर घेऊन या. प्रात्यक्षिकाला रिकामा सिलिंडर लागतो हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण साडेतीन वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला त्यातलं 'सिलिंडर घेऊन या' एवढंच ऐकू आलं. रात्री त्याने चारही सिलिंडर ओल्या फडक्याने पुसून ठेवले होते.

आल्हाद सरांनी घड्याळ पाहिलं. केंद्राचा स्वतःचा रिकामा सिलिंडर होता, पण तो स्टोअरमध्ये, आणि स्टोअरची किल्ली ज्यांच्याकडे ते बाळाजी मनमाडला भाचीच्या लग्नाला. त्यांचा फोन लागत नव्हता. कुलूप तोडायचं तर पंचनामा आला. पाहुण्यांची बस हॉटेलवरून निघालीही होती.

"असं करा," आल्हाद सर म्हणाले. "यातला एक रिकामा करून घ्या. मागच्या अंगणात."

"कशात रिकामा करू?"

"कशात म्हणजे? सोडून द्या."

सहादूला वाटलं आपल्या कानात काही गडबड झाली. त्याने सरांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिथे गंमत नव्हती, लाजही नव्हती, नुसती घाई होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"गॅस हवेत सोडू नये ह्ये दाखवायला," तो एकेक शब्द मोजून म्हणाला, "गॅस हवेत सोडू?"

सर समजुतीच्या सुरात बोलू लागले. चार देश आहेत, दिल्लीचे साहेब आहेत, जिल्ह्याची अब्रू आहे. एका सिलिंडरने आभाळ फाटत नाही. पुढचा निधी आजच्यावर अवलंबून आहे आणि निधी आला की तुमची ती गाडीसुद्धा येईल. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसे ते सहादूच्या साडेतीन वर्षांवर उदार झाले होते.

"मी नाय सोडणार," सहादू म्हणाला आणि एका सिलिंडरवर हात ठेवून पायरीवर बसला. "मॅडमना बोलवा. मॅडम सांगतील तुमाला."

मॅडम आल्या. नव्या साडीत, हातात पाहुण्यांची यादी. सरांनी त्यांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं. सहादू निश्चिंत होता. या बाईने भर वर्गात, पाइप कापताना आपल्या नातवंडांच्या डोक्यावरचं छप्पर काढताय हे लक्षात ठेवा, असं खडसावलं होतं. आता ती या टायवाल्याला कशी झाडते हे ऐकायला तो मान वर करून बसला.

मॅडम त्याच्याजवळ आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"सहादूभाऊ, पाना द्या."

त्याने दिला नाही. मग त्या आत जाऊन वर्कशॉपमधला पाना घेऊन आल्या, पदर खोचला आणि कडेचा सिलिंडर तिरपा करून स्वतःच फिरवत मागे घेऊन गेल्या. सहादू त्यांच्या मागोमाग गेला. अडवायला गेला की काय, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मागच्या अंगणात पाहुण्यांना भेट द्यायची रोपं ओळीने मांडली होती. मॅडमनी सिलिंडर उलटा केला आणि झडप फिरवली. पांढरा लोट जमिनीसरसा पसरला, रोपांच्या बुडख्यांतून सरकत कुंपणाकडे गेला. आवाज वाफेवरच्या कुकरसारखा, फक्त थांबत नव्हता. त्यात सूर्या ढाब्याचा मोठा डीप फ्रीझर होता, वडनेरच्या दूध डेअरीची टाकी होती, उन्हात तास तास घालवलेल्या कितीतरी दुपारी होत्या. मॅडमनी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. वीस मिनिटांनी त्यांनी सिलिंडर सुलटा केला, उरलेलं सोडलं आणि झडप बंद केली. बोटं पदराला पुसत त्या म्हणाल्या, "प्रात्यक्षिक तेवढं नीट करा."

त्याने शिवी गिळली. उरलेले तीन व्हॅनमध्ये टाकून निघून जावं असं दहादा वाटलं. पण त्याच्या डोळ्यांदेखत सांडलेलं होतं, आणि ते ज्यांच्यासाठी सांडलं त्यांची तोंडं तरी पाहावीत असं त्याच्या मनाने घेतलं.

हॉल थंडगार होता. फलकावर प्रादेशिक सहकार्य, क्षमता बांधणी अशी मोठी अक्षरं. पुढच्या ओळीत सुटातले अधिकारी, मागच्या ओळीत प्रत्येक देशाने आणलेला एकेक काम करणारा मेकॅनिक. सहादूने यंत्र लावलं, नळ्या जोडल्या, टेबलावरच्या एसीतला गॅस ओढायला सुरुवात केली. काम विजेसारखं झालं. सिलिंडर गार असला की गॅस झपाट्याने आत जातो, आणि सगळा गॅस एकदम सोडल्याने हा तर थंडीने गोठला होता. पुढच्या ओळीने टाळ्या वाजवल्या. किती कमी वेळ, असं दिल्लीचे साहेब म्हणाले. आल्हाद सरांनी इंग्रजीतून सांगितलं की या जिल्ह्यात दोनशे चाळीस मेकॅनिक असे तयार झालेत, आणि भरलेले सिलिंडर नियमितपणे शुद्धीकरणाला जातात. एवढं इंग्रजी सहादूला येत होतं. त्याने हातातल्या नळीला इतका पीळ दिला की ती मुडपली.

मग सगळ्यांना यंत्र जवळून पाहायला बोलावलं. अधिकारी यंत्राचे फोटो काढू लागले. मागच्या ओळीतले मेकॅनिक मात्र यंत्राकडे गेलेच नाहीत. ते सिलिंडरभोवती उभे राहिले. नेपाळहून आलेला, पांढऱ्या मिशांचा एक मेकॅनिक खाली वाकला. सिलिंडरच्या बुडाला बोटभर हिम अजून चिकटलं होतं. त्याने त्यावर तळवा टेकवला, काढला, आणि ओल्या हाताकडे पाहत राहिला. किलोभरही गॅस आत न गेलेला सिलिंडर असा पांढरा कशाने होतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कितना था?" त्याने हळूच विचारलं.

आल्हाद सर लगेच पुढे सरसावले आणि आजच्या एसीतून निघालेल्या गॅसचा आकडा सांगू लागले. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"इसमें. सुबह."

"साडेनऊ किलो," सहादू म्हणाला. मराठीतच म्हणाला. ते पोचलं.

म्हाताऱ्याने मान हलवली. "हमारे यहाँ ग्यारह. पिछले साल. ऐसे ही मेहमान आए थे."

भूतानची मेकॅनिक मुलगी आपल्या साहेबाकडे एकदा पाहून म्हणाली, "छह." आल्हाद सर हसले, एकट्यानेच, आणि चहा तयार असल्याचं त्यांनी जाहीर केलं. पुढची ओळ दाराकडे निघाली.

भिंतीशी उभ्या असलेल्या संपदा मॅडम कोपऱ्यातल्या पांढऱ्या फळ्यापाशी गेल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पाहुण्यांच्या स्वागताची ओळ हाताने पुसली. त्या जागी त्यांनी लिहिलं, साडेनऊ. खाली अकरा. खाली सहा. मग वळून त्यांनी मागच्या ओळीतल्या माणसांकडे पाहिलं.

"और?" त्या म्हणाल्या.