उलटा ढाळ

गुलाबराव इंगळे रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर अकोल्याला न परतता ते जयपुरातच, खातीपुऱ्यातल्या आपल्या छोट्या घरात राहिले. बायकोच्या, प्रभावतीबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, तेव्हा त्यांनी बाथरूम नवं करायला काढलं. काम बनवारी ठेकेदाराला दिलं, कारण तो फार नम्र होता. आल्याआल्या प्रभावतीबाईंच्या पाया पडला.

"अम्माजी, बाथरूम नहीं, मंदिर बना दूँगा."

"मंदिर रहने दो भैया," प्रभावतीबाई म्हणाल्या, "बाथरूमच बनाओ."

बाथरूम देखणं झालं. फिकट निळ्या टाइल्स, धरायला स्टीलचे दांडे. दुसऱ्या दिवशी गुलाबरावांनी आंघोळ केली, आणि पाणी जाळीकडे जायचं सोडून दारातून हॉलमध्ये आलं, टीव्हीच्या टेबलाखाली जाऊन साचलं. ढाळ उलटा होता.

बनवारी एकदा येऊन बघून गेला. "नया फर्श है बाबूजी. पानी धीरे-धीरे अपना रास्ता पकड़ लेगा." पाण्यानं तो केव्हाच पकडला होता. मग बनवारीचा फोन लागेनासा झाला.

गुलाबराव पोलिसांत गेले. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं.

"कुछ चुराया उसने?"

"नहीं."

"मतलब टाइल लगाके ही गया ना? फिर चोरी कैसे हुई?"

गुलाबराव तक्रार न लिहिताच घरी आले.

त्यानंतरच्या रविवारी जगतपुऱ्याहून एक नवराबायको आले. बनवारीजींनी पाठवलंय, म्हणाले, त्यांच्या कामाचा नमुना म्हणून तुमचं बाथरूम बघायचंय. प्रभावतीबाईंनी भरली बादली बाथरूमच्या फरशीवर ओतली. पाणी बाहेर येऊन पाहुण्यांचे मोजे भिजवून गेलं. नवरा दचकून मागे सरला. बायकोची नजर मात्र भिंतीवरच्या टाइल्सवरच होती. "जॉइंट कितने साफ़ हैं," ती म्हणाली. जाताना तिनं फोटो काढून नेले, आणि पुढे काम बनवारीलाच दिलं.

थंडीत प्रभावतीबाई हॉलमधल्या ओल्या फरशीवर घसरल्या. गुडघे वाचले, मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून घरी आल्यावर गुलाबरावांनी ग्राहक न्यायालयात तक्रार केली. सगळी नोकरी त्यांनी सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलू दिली नव्हती. तक्रारही तशीच नीट, नियमानं मार्गी लागेल असं त्यांना वाटलं. तारखा पडत गेल्या. कधी समोरचा वकील आजारी, कधी बनवारी गावी. अखेर निकाल लागला, आणि तो गुलाबरावांच्या बाजूनं लागला. ते कलाकंद घेऊनच घरी आले.

"जिंकलो आपण! ठेकेदारानं सगळा दोष स्वतः, स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यावा, असा हुकूम झाला."

प्रभावतीबाईंनी कलाकंदाचा तुकडा हातातच धरला. "म्हंजे पुन्हा तोच येईन?"

गुलाबरावांनी कलाकंदाचा डबा बंद केला.

आणि तो आला. छिन्नी-हातोडा घेऊन, सोबत हुकुमाची प्रत. आधी अम्माजींच्या पाया पडला, मग हाताची चौकशी केली. प्रभावतीबाई दारातून हलल्या नाहीत.

"अहो, याले आत घेऊ नोका. आता निसतं पाणी हॉलमंधी येते. यानं आणखी हात लावला तं काय येईन, सांगता येत नाही."

"अवं, पण हुकूम झालाय. आपण जिंकलो ना!"

"जिंकलो म्हनूनच तं आला तो."

गुलाबरावांनी हातोड्याकडे पाहिलं, मग बायकोच्या वाकड्या जुळलेल्या मनगटाकडे. इतक्या खेपा घालून मिळवलेला न्याय दारात हात जोडून उभा होता. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं.

"रहने दो," ते म्हणाले.

"जैसी आपकी मर्ज़ी, बाबूजी." बनवारीचा चेहरा खरोखर पडला. गेटबाहेर गेल्यावर त्यानं बंद दाराचा फोटो काढला. हुकूम पाळला की नाही हे बघायच्या तारखेला तो न्यायालयात दाखवला. तक्रारदारच काम करू देत नाहीत, अशी नोंद होऊन प्रकरण बंद झालं.

दुसरा ठेकेदार बोलवायचं नाव दोघांनीही काढलं नाही. गुलाबरावांनी बाजारातून लांब दांड्याचा वायपर आणला. रोज आंघोळीनंतर ते हॉलमधलं पाणी चढावरून परत बाथरूमकडे ढकलतात. प्रभावतीबाई पाय वर घेऊन दिवाणावर बसतात.

"टेबलाखाली राह्यलं थोडं," त्या म्हणतात.