जाळे आहे, क्षमता दोनशे

“नेट लाव, रामहरी. पोटातून नेट लाव.”

हा आवाज बहात्तरच्या दुष्काळातला. करमाडच्या अलीकडं माळावर खडी फोडायचं काम निघालं होतं. मी दहा वर्षांचा, मुंजाबादादा विशीतला. माझी पहार दगडाखाली घातलेली आणि दगड काही हलत नव्हता. मुंजाबादादा मागं उभा राहून सांगत होता, नेट लाव. शेवटी दगड हलला. तो माझ्या नेटानं हलला, का त्यानं मागून लावलेल्या टाचेनं, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. न विचारायची खोड मला तेव्हापासूनची. पुढची सगळी गोष्ट त्या खोडीचीच आहे.

आता त्या माळावरून मोठा रस्ता जातो. रस्त्यापलीकडं कारखान्यांची पत्र्याची छपरं, आणि खालच्या अंगाला आमचं धोंडपिंपरी. तिसरं साल होतं पावसानं पाठ फिरवल्याचं. काळ्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. शहर मात्र दर साली मैलभर आमच्याकडं चालत येत होतं. पाणी दूर जायचं आणि शहर जवळ यायचं, आणि मधल्या मधी आम्ही घागरी घेऊन टँकरच्या वाटेवर उभे. माझी बायको बानाबाई तिथं उभ्याउभ्या ओव्या रचायची.

टँकरच्या वाटंवरी माझी घागर उभी गं
ऊन पिऊन पिऊन तिची सावली दुबळी गं

त्याच साली रस्त्याकडंनं चर खणून केशरी नळी पुरली. गावातल्या बाया हरखल्या. बानाबाईनं नळी पुरणाऱ्या माणसाला विचारलं, “दादा, ह्याला पाणी कव्हा सुटंल?”

तो म्हणाला, “मौसी, इसमें पानी नहीं, उजाला जाता है. नेट का.”

बानाबाई घरी येऊन म्हणाली, “घ्या. आता उजेड पिऊन ऱ्हावा.”

मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. ऐकायला मोठं वाटतं. वाचनालय म्हणजे सातशे पुस्तकं, एक डुगडुगतं टेबल आणि कुणी दिलेला, पण कुणालाच चालवता न येणारा एक कॉम्प्युटर. खोली मुंजाबादादाची. त्यानं ती वाचनालयाला दिली ती एका अटीवर, की कोपऱ्यात त्याची वाघर राहील. वाघर म्हणजे मेंढरं बसवायला भोवती लावतात ती जाळी. मुंजाबादादा धनगर. सहीपुरतं शिकलेला, पण खोली त्याची म्हणून अध्यक्षही तोच.

मी दहावीला दोनदा बसलेला, त्यामुळं गावाच्या लेखी दुप्पट शिकलेला. कुणाचं पत्र आलं, की मी वाचायचो. औषधाच्या बाटलीवरचं मी वाचायचो. एखादा शब्द अडला, तर मी खोकायचो. खोकून झालं, की पुढच्या ओळीवर. माझ्या खोकल्याखाली या गावाचे किती शब्द गाडले गेलेत, ते माझं मलाच ठाऊक.

मुंजाबादादाची सून ज्ञानेश्वरी. माहेर बिडकीनकडचं. बारावी होऊन आली आणि घरी बसून बी. ए. करत होती. तिचे धडे मोबाइलवर यायचे, आणि मोबाइलला रेंज कोरड्या पाझर तलावाच्या पाळीवरच. रोज दुपारी पोरगी पदर कपाळापर्यंत ओढून त्या पाळीवर उन्हात बसायची. धडा निम्म्यावर आला, की थांबायचा. ती तशीच थांबायची. एकदा मला म्हणाली, “काका, पाण्याला गेलं तर हंडा तरी भरतो. हिथं बसून मी रोज रिकामी येते.”

दिवाळीनंतर मेंढरं गोदावरीच्या काठाला न्यायची वेळ आली, की घरातली सगळी माणसं कळपामागं जायची. हातच तेवढे. तिला गेल्या साली परीक्षा सोडून जावं लागलं होतं. या साली गेली, तर सुटलंच म्हणायचं.

अशात वाचनालयाला सरकारचा कागद आला. शाळांना आणि वाचनालयांना नेटच्या खर्चात सवलत. बहुतेक भार सरकार उचलणार, थोडा आपण. फक्त अर्ज भरायचा. मी पारावर कागद वाचून दाखवला. मुंजाबादादानं पटका काढून डोकं खाजवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “सरकारनं आपल्या वाचनालयात नेट दिलं, तर माझी सून हितंच ऱ्हाईल. बानाबाईजवळ झोपंल, परीक्षा दील. नाय दिलं, तर सरकारलाच तिचं शिक्षण नको हाय. मग मी कोण?”

ज्ञानेश्वरी पारासमोर वाचनालयाच्या दाराआड होती. तिच्या बांगड्या वाजल्या, तेवढंच.

अर्ज भरायला मी सकाळी अंघोळ करून, उदबत्ती लावून बसलो. ज्ञानेश्वरी झाडलोट करत होती. म्हणाली, “काका, मी भरू लागू का?”

“नको गं. सरकारी मराठी आसती ती,” मी म्हणालो. “तुमच्या बी. ए. मधली न्हवं.”

नाव, गाव झालं. खिडक्यांना गज आहेत काय? आहेत. दाराला कुलूप आहे काय? आहे. आग विझवायची सोय आहे काय? मी लिहिलं, माती आहे. पुढं होतं, “संस्थेच्या आवारात जाळे कार्यरत आहे काय? असल्यास व्याप्ती व क्षमता नमूद करावी.”

मी दोनदा वाचलं. खोकलो. गज विचारले, कुलूप विचारलं, आता जाळं विचारतायत. माकडं लई झालीत, पुस्तकांची काळजी आसंल सरकारला. मान वर केली, तर कोपऱ्यात मुंजाबादादाची वाघर लटकलेली. सरकारचं कामही किती बारीक असतं, असं मनाशी म्हणालो आणि लिहिलं, “होय, आहे. घेर ऐंशी हात. क्षमता दोनशे.”

मेंढरं हा शब्द मी लिहिला नाही. सरकारी कागदावर तो बरा दिसला नसता.

दीड महिन्यानं पत्र आलं. बाहेर टँकरचा गलका चालला होता. मी आत एकट्यानं फोडलं. “आपल्या संस्थेत दोनशे वापरकर्त्यांच्या क्षमतेचे जाळे यापूर्वीच कार्यरत असल्याचे पाहून समाधान वाटले. सबब आपली संस्था सदर सवलतीस पात्र नाही. तालुक्यातील अन्य संस्थांनी आपला आदर्श घ्यावा.”

मी खुर्चीत बसलो. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, ती माझ्याबरोबर कलली. आम्ही सगळे त्याला नेट म्हणतो. टँकरवाला, मेंढका, शाळेतली पोरं, सगळे. एकटं सरकारच तेवढं त्याला जाळे म्हणतं, आणि एकटा मीच तेवढा ते वाचतो.

पत्र मी लपवलं. कुठं, तर शब्दकोशात. जे पुस्तक अर्ज भरण्याआधी उघडायला हवं होतं, ते मी तेव्हा उघडलं.

मग रोज सकाळी ज्ञानेश्वरी विचारायची, “काका, काय कळलं का?” आणि मी सांगायचो, “सरकारचं काम हाय बाई. येईल.” मुंजाबादादा विचारायचा, “आरं, सरकार झोपलं का काय?” मी मान हलवायचो. आठ दिवसांनी मी सरकारला शिव्याही देऊ लागलो. पारावर माणसं माझ्या शिव्यांना दाद द्यायची. चोरी करून चोराच्या नावानं बोंब मारणारा दुसरा ग्रंथपाल तालुक्यात नसेल.

असा आणखी दीड महिना गेला. बानाबाईनं मात्र वास काढला. भाकरी थापताथापता म्हणाली, “अवो, तुमी सरकारला येवढं बोलताय, ते तुमच्या सोभावात नाय. काय केलंया तुमी?”

“काय नाय.”

“मंग भाकर कामून जाईना?”

दुसऱ्या दिवशी मी बस धरली आणि शहरात त्या कार्यालयात गेलो. तिथं तनुजा मॅडम नावाची पंचविशीतली पोरगी होती. तिनं माझा अर्ज कॉम्प्युटरवर काढला.

“काका, तुमच्याकडं तर दोनशे जणांचं नेटवर्क आहे म्हणता.”

“थोडी चूक झाली, मॅडम.”

“थोडी म्हणजे? किती जणांचं आहे?”

मी खोकलो. ती वाट बघत राहिली. शहरातली माणसं खोकल्यानं पुढच्या ओळीवर जात नाहीत. शेवटी मी वाघर म्हणजे काय ते सांगितलं. तिनं तोंडापुढं फाइल धरली. फाइल बराच वेळ हलत होती. मग डोळे पुसून ती म्हणाली, “मला हसायला नको होतं. तो शब्द आमच्याकडूनही अवघडच लिहिला गेलाय. दुरुस्ती होईल. पण चूक कशी झाली आणि कुणाकडून, ते साफ लिहून आणा. अध्यक्षांना वाचून दाखवा आणि मग त्यांची सही घ्या. शुक्रवारी यादी बंद होते.”

“अध्यक्षांना वाचूनच दाखवायचं का?”

“हो. म्हणजे पुन्हा असं व्हायचं नाही.”

दुरुस्तीचा कागद मी तिथंच जिन्यात बसून लिहिला आणि चार दिवस खिशात घेऊन फिरलो. दर सकाळी मुंजाबादादाच्या वाड्यापर्यंत जायचो, शेळीला पाला घालायचो आणि परत यायचो. शेळी फुगली.

गुरुवारी पहाटे बानाबाईनं हलवून उठवलं. “मुंजाबा निघाला. घोड्यावर बिऱ्हाड चढलंय. पोरीची निळी पिशवी बी चढली. ती रडंना, बोलंना. अवो, तुमच्या पोटात जे काय आसंल ते आता तरी बाहेर काढा, नाय तर जन्मभर मी तुमाला वाढणार नाय.”

मी धावलो. सत्तावन्नाव्या वर्षी, एका पायात चप्पल. ओढ्याच्या कोरड्या वाळूत कळप उभा होता. दीडशे-दोनशे मेंढरांच्या पायांनी उठलेली धूळ उगवतीच्या उन्हात गुलाबी झाली होती, आणि त्या धुळीत ज्ञानेश्वरी घोड्याची दोरी धरून उभी. मोबाइल तिनं पदराच्या टोकाला बांधून टाकला होता.

“काय रं मास्तर?” मुंजाबादादा म्हणाला. “निरोप द्याया आला का?”

“सही पायजे, दादा. वाचनालयाच्या कागदावर.”

“दे हिकडं.” त्यानं काठी काखेत धरली, माझ्या खिशातला पेन घेतला. माझ्या जिवात जीव आला. न वाचताच होतंय म्हटलं. तेवढ्यात तो थांबला. “काय लिवलंय त्यात?”

“दुरुस्ती हाय. बारीक.”

“मंग बारीकच वाच.”

मी कागद उघडला. “माननीय महोदय,” इथपर्यंत ठणठणीत वाचलं. “आमच्या वाचनालयाच्या अर्जात जाळे ह्या रकान्यात…” आणि मी खोकलो. “तरी आपण मेहेरबानी करून…”

“मागं जा,” मुंजाबादादा म्हणाला.

“आं?”

“खोकलास तिथं मागं जा. तू खोकतुस तव्हा काय तरी गाळतुस. चाळीस वर्सं ऐकतोय मी. दर डावाला सोडलं. आज नाय सोडणार. पोरगी घोड्यापाशी हुबी हाय.”

 

मी मागं गेलो. “अर्जात जाळे ह्या रकान्यात जी नोंद केली, ती मेंढरं बसवायच्या वाघरीची होती. क्षमता दोनशे म्हणजे दोनशे मेंढरं. वाचनालयात नेट नाही. त्यामुळे सवलत नाकारली गेली. सदर चूक सर्वस्वी ग्रंथपाल रामहरी यांची असून, ती दीड महिना…” इथं मला पुन्हा खोकला आला. तो खरा होता, धुळीचा. तरी मी तो गिळला. “ती त्यांनी दीड महिना गावापासून लपवली.”

मुंजाबादादानं कळपाकडं बघितलं. मग घोड्यावर बांधलेल्या वाघरीकडं. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, काठी बसते आता. तो हसत होता. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत.

“म्हंजी माझ्या मेंढरांस्नी नेट हाय,” तो म्हणाला. “सुनंलाच तेवढं नाय.”

त्यानं कागद घोड्याच्या पाठीवर ठेवला आणि सही केली. एकेक अक्षर, पहारीनं दगड हलवावा तशी. मग दोरी सैल करून निळी पिशवी काढली आणि ज्ञानेश्वरीच्या हातात दिली.

“मामा, पण आजून आलं कुठं नेट?” ती म्हणाली. “आन तुमी निघालाव.”

“उद्या शुक्करवार हाय. तूच जा हा कागद घिऊन, ह्याच्यासंगं. ह्याला येकट्याला धाडू नको, वाटंत खोकत बसंल.”

ती हसली नाही. पिशवी छातीशी धरून माझ्याकडं बघत राहिली. तिचा दीड महिना त्या पाळीवर करपला होता, आणि रोज सकाळी मी तिच्या तोंडावर सरकारला शिव्या दिल्या होत्या.

“काका,” ती म्हणाली, “त्या दिवशी मी तिथंच झाडत व्हते. चार हातांवर. मी इचारलं बी व्हतं, भरू लागू का म्हून.”

काही तरी सांगायला मी तोंड उघडलं. चष्मा नव्हता असं सांगता आलं असतं, सरकारी मराठीचं सांगता आलं असतं. मुंजाबादादा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. त्याची टाच वाळूत रुतलेली होती.

“मला तो शब्द येत नव्हता, बाई,” मी म्हणालो. “आन तुला इचारायची लाज वाटली.”