सातवं नाव

बटाटे सोलता सोलता एफीचा हात एकदम थांबला. मनोऱ्यातल्या, पाहुण्यांनी सही करायच्या वहीत आज सात नावं होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत खाली उतरली होती सहा माणसं.

"वॉटी, मनोऱ्यात कुणीतरी राहिलंय."

"भूत असेल," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला. "तिथं ती काय कमी आहेत?"

"थट्टा नको. जेस टर्नबुल. शेवटचं नाव. मी बाहेरून कुलूप घालून आलेय."

टेकडीवरचा तो मनोरा खोऱ्यातल्या, लढाईवरून न परतलेल्या पोरांच्या आठवणीसाठी बांधलेला. त्याची किल्ली सव्वीस वर्षं एफीच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला होती. त्याआधी तिच्या आईच्या. नियम एकच: पाचला कुलूप घालण्याआधी जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून तीनदा ओरडायचं, "वर कुणी आहे का?" एका पाद्रीबुवांनी मागे अख्खी रात्र वर कोंडून काढली होती, तेव्हापासून.

आज ती ओरडली होती. की ते काल?

गेल्या महिन्यात दार रात्रभर सताड उघडं राहिलं आणि मेंढ्या जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत चढल्या. तेव्हापासून मनोऱ्याच्या समितीच्या मिसेस हॅडन गोड आवाजात म्हणत होत्या, "आता तरुण पाय हवेत, एफी." रोख पायांवर नव्हता, हे सगळ्या गावाला कळत होतं.

बटाटे तसेच टाकून ती निघाली. वॉटी काठी घेऊन मागोमाग. जूनची संध्याकाळ, उजेड अजून लख्ख होता. तिनं वाटेत खिसा चारदा चाचपला. किल्ली चारही वेळा तिथंच होती.

दार उघडून ती ओरडली, "मिस टर्नबुल! अहो, मिस टर्नबुल!"

वरून एक कबुतर उडालं, बस.

एकशे बारा पायऱ्या. गुडघा दर पायरीला शिव्या घालत होता. वर नुसता वारा. कोपरे बघितले, कठड्यावरून खाली वाकूनही बघितलं.

"एफी!" खालून वॉटीची हाक आली. "खाली ये! सापडली तुझी मिस टर्नबुल!"

ती उतरेपर्यंत तो वहीवर चष्मा रोखून हसत होता. "नुसती नावं मोजलीस. पुढचा शेरा वाच."

तिनं त्याचाच चष्मा ओढून घेतला. *जेस टर्नबुल: पायऱ्या आवडल्या नाहीत. मेंढ्या फार आवडल्या.* शेजारी चिखलाचा पंजा उठलेला.

"कुत्री!" एफी मटकन पायरीवर बसली. "मेल्यांनो, कुत्रीचं नाव आडनावासकट?"

"आपणही आपल्या टिबीचं लिहायचोच की."

म्हणजे माणसं सहाच. तिची मोजणी बरोबर होती. कधी एकदा मिसेस हॅडनना सांगते असं तिला झालं.

वॉटीनं दाराशेजारचा वाडगा काठीनं हलवला. तळाशी थोडं पाणी होतं. "हे जेसला तूच ठेवलंस ना?"

वाडगा त्यांच्याच घरातला होता, निळ्या काठाचा.

"मग काय, मीच," ती म्हणाली. तिला काही म्हणता काही आठवत नव्हतं.

वॉटीनं उरलेलं पाणी ओतून वाडगा उचलून घेतला. तिनं कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढलं.

"उद्यापासून पाचला मीही येत जाईन," तो म्हणाला. "पाय मोकळे होतील."

"तुझे?"

"माझेच. आणि ओरडायचं मी. तुझा आवाज बसलाय."

आवाज खणखणीत होता तिचा. तरी तिनं मान डोलावली, आणि उतारावर खिसा पाचव्यांदा चाचपला.