पहाऱ्याचा नियम

खेळण्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाई नवा खेळ एकदाच खेळून बघतात, पटला तर छापतात, नाही तर पेटी परत देऊन उठतात, असं वहिनीच्या कानावर आलं होतं. त्यांच्या खोलीत आधी ती शिरली. मागोमाग पेटी छातीशी धरून तिचा दीर आला. तो सुतार, पट त्यानेच तासून-घासून बनवलेला. खेळ मात्र वहिनीच्या नवऱ्याने रचला होता. नवरा गेला आणि तेव्हापासून दादाचा खेळ दुकानात दिसला पाहिजे, या एकाच गोष्टीचा दिराने ध्यास घेतला होता.

मालकीणबाईंनी चष्मा पुसत समोरची खुर्ची दाखवली. वहिनी खेळायला बसली. दिराने उभ्याउभ्याच नियम सांगितले. पट म्हणजे एका देशाचा नकाशा. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक, दोन उमेदवार. प्रत्येक प्रांताची मतं ठरलेली, सगळी मिळून शंभर. आपल्या पाळीला एक प्रांत निवडून तीन फासे टाकायचे. बेरीज अकरा किंवा जास्त आली की तिथे आपला झेंडा. दुसऱ्याचा प्रांत हिसकावायला मात्र किमान चौदा हवेत. फासे टाकायचे नसले तर आपल्या एखाद्या प्रांतावर पहाऱ्याची खुंटी रोवायची. मग त्याला कुणी हात लावू शकत नाही. बारा फेऱ्यांनंतर ज्याची मतं जास्त, तो राष्ट्राध्यक्ष.

बाईंनी मान हलवली आणि फासे उचलले. खालच्या मजल्यावर साच्यांची यंत्रं धपधपत होती, त्या हादऱ्याने झेंडे जागच्या जागी थरथरत होते. फासे बाईंवर खूष होते. बंदराचा प्रांत वीस मतांचा, खाणींचा अठरा, नदीकाठचा पंधरा. तिन्ही त्यांनी पाचव्या फेरीपर्यंत घेतले. वहिनीकडे किरकोळ प्रांत आले. तरीही दीर खुशीत होता. घरी दादा असाच मागे पडून शेवटी मुसंडी मारायचा.

सहाव्या फेरीला बाईंनी फासे टाकलेच नाहीत. बंदरावर खुंटी रोवली. सातव्याला खाणींवर.

वहिनी गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणूस चुकीच्या पेडलवर पाय ठेवणार हे तिला आधीच कळायचं. तसंच आताही कळलं. वीस, अठरा आणि पंधरा म्हणजे त्रेपन्न. नदीकाठावर तिसरी खुंटी बसली की पुढच्या फेऱ्यांना काही अर्थच उरणार नव्हता. तिने नदीकाठ निवडून फासे टाकले. बारा आले, चौदा हवे होते.

बाईंनी तिसरी खुंटी रोवली, खुर्चीला पाठ टेकली आणि शांतपणे विचारलं, "आता उरलेल्या फेऱ्यांत मी काय करायचं?"

दीर घाईघाईने सांगू लागला, की बाकीचे प्रांत घेता येतील, गंमत तर पुढेच आहे. बाई त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्या वहिनीकडे बघत होत्या. सारवासारव करता आली असती. वहिनीने ती केली नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "डाव संपला. खेळात भोक आहे."

दिराचा चेहरा उतरला. "वहिनी, दादाने केलेला खेळ आहे."

"ह्यांनी जन्मात कधी पहारा लावला नाही, भाऊजी. सारखे चढाई करायचे. आपणही त्यांच्यासारखेच खेळत आलो. मग कळणार कसं?"

बाईंनी पेटीचं झाकण जवळ ओढलं. ते बघून वहिनीने पटावरच्या दोन खुंट्या उपटल्या, नदीकाठची तेवढी राहू दिली. पहारा एकच फेरी टिकेल, ती म्हणाली. पुढच्या पाळीला पुन्हा लावायचा, नाही तर प्रांत उघडा.

"हे नियमांत कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"कुठेच नाही. आत्ता सुचलं."

दीर खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. वहिनीला त्याच्या ताठलेल्या खांद्यांकडे बघवेना. बाईंनी झाकण बाजूला सारलं. इथूनच पुढे खेळू, म्हणाल्या.

आता कुठे डावात जीव आला. बाई एक प्रांत झाकायच्या, तोवर दोन उघडे पडायचे. वहिनीने नदीकाठ घेतला, बाईंनी तो परत हिसकावला. पंख्याखाली बसूनही दोघींच्या कपाळावर घाम होता. शेवटच्या फेरीत बाईंनी बंदर झाकलं आणि वहिनीची पाळी उरली. खाणींचा प्रांत मिळाला तर ती राष्ट्राध्यक्ष, नाही तर बाई. दीर कधी टेबलापाशी येऊन उभा राहिला ते तिला कळलंच नव्हतं.

तिने फासे त्याच्यापुढे धरले. "तुम्ही टाका, भाऊजी."

त्याने घेतले, मुठीत बराच वेळ खुळखुळवले आणि टाकले. सहा. सहा. तिसरा फासा पटाच्या कडेला आपटून गरगरला आणि एकावर बसला. तेरा.

चौदाला एक कमी. दीर त्या एका ठिपक्याकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसत म्हणाला, "अजून एक डाव खेळू."

मालकीणबाई पहिल्यांदाच हसल्या. दुसरा डाव त्या खेळल्या नाहीत, पण पेटीही परत दिली नाही. कारखान्यातली माणसं जेवणाच्या सुट्टीत खेळतील, त्यांना आणखी भोकं सापडतात का बघू, मग छापायचं ठरवू, असं त्यांनी सांगितलं. माणसांना आणखी एक सापडलं. तेही वहिनीने आणि दिराने मिळून बुजवलं, आणि वर्ष सरायच्या आत खेळ छापून आला.

पण त्या दुपारी हे पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. बसथांब्यावर दोघं रिकाम्या हातांनी उभी होती. दिराने विचारलं, "दादाला हे नियम बदलणं चाललं असतं?"



"जिंकले असते तर चाललं असतं," ती म्हणाली. "हरले असते तर आठवडाभर कुणाशी बोलले नसते."

दीर हसला. लांबून बस येताना दिसली तसा तो हात दाखवायला पुढे झाला.