'सेन्सर खराब'

समुद्रातल्या शेजारशेजारच्या दोन पवनचक्की कंपन्यांनी एकदाचं ठरवलं, की यंत्रांची माहिती एकमेकींना द्यायची. बिघाड आधी कळला तर बोटींच्या फेऱ्या वाचतील. एका कंपनीच्या नियंत्रण कक्षात थोरली बहीण होती, दुसरीच्या कक्षात धाकटी. आणि दोन्ही कक्षांवर मिळून एकच प्रमुख नेमणार होते.

थोरलीच्या पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं. शाळेपासून कौतुक काय ते धाकटीचं. आईच्या तोंडी उठताबसता तिचंच नाव. आईला पवनचक्की म्हणजे मोठा पंखा वाटायचा, तो भाग वेगळा. आता ही खुर्चीही तीच पटकावणार, या विचाराने थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात थोरलीच्या एका चक्कीचा गिअरबॉक्स थरथरू लागला. तंत्रज्ञांनी उघडला, झिजलेलं बेअरिंग बदललं. त्या थरथरीचे आकडे पाहून धाकटीला असला बिघाड आधीच ओळखता आला असता. थोरलीने त्या आकड्यांपुढे 'सेन्सर खराब' असा शेरा मारला आणि मगच ते पाठवले. खराब सेन्सरचे आकडे कोण कशाला बघतंय?

धाकटीनेही बघितले नाहीत. थोड्याच दिवसांत तिच्याकडचा एक गिअरबॉक्स फुटला. समुद्र खवळलेला, बोट जाईना, चक्की ठप्प. तिच्या साहेबांनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. खोटं कशाला बोला, थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला.

"ताई, सगळे आकडे पाठवलेत गं. माझं कुठे दुर्लक्ष झालं, तेही लिहिलंय. तुझ्याकडे असं व्हायला नको."

"बरं, बघते," थोरली म्हणाली.

त्या आकड्यांत बिघाडाची अगदी पहिली चाहूल होती. त्या चाहुलीवरून थोरलीच्या आणखी दोन चक्क्या वेळेत वाचल्या. दोन्हीकडचे साहेब खूश झाले आणि खुर्ची थोरलीला मिळाली.

कँटीनमधल्या छोट्या समारंभाला आईही आली. "शेवटी माझी थोरलीच पुढे गेली हो," ती ज्याला त्याला सांगत सुटली. हे ऐकायला थोरलीचा जीव आजवर आसुसला होता. पण तिचं लक्ष आईकडे नव्हतंच. समोर धाकटी हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवत होती, डोळ्यांत पाणी आणून हसत होती. दुसऱ्यासाठी अशा टाळ्या आपल्याला या जन्मात वाजवता येणार नाहीत, हे थोरलीला लख्ख कळलं, आणि तिला पुन्हा धाकटीचा हेवा वाटला.