रिकाम्या जागी गावाचं नाव

नेरच्या बसस्टँडसमोर, एका कृषी केंद्राच्या माडीवर रवी सरांचा इंग्रजी संभाषणाचा क्लास चालतो. इतिहासावर बोलण्यासाठी सरांनी चाळीस शब्दांचा एक कागद छापून घेतला आहे. एन्शंट, ग्लोरियस, डायनॅस्टी, हेरिटेज, गोल्डन एज. मागच्या बाजूला तयार परिच्छेद, त्यात फक्त गावाच्या नावाची जागा रिकामी. नाव भरायचं आणि पाठ करायचं. धरणाखालून उठवून परवा वसवलेलं गाव असलं तरी या परिच्छेदात त्याला एक प्राचीन राजघराणं आपसूक मिळतं.

अर्पिता इतिहासात एम.ए. झालेली. चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून कंटाळलेली. जवळच्या एका इंग्रजी शाळेत इतिहास शिक्षकाची कायम जागा निघाली आणि मुलाखत इंग्रजीत होणार होती, म्हणून ती या माडीवर आली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "सर, गावानं वाळीत टाकलं, हे कसं म्हणायचं?"

"मॅडम, निगेटिव्ह बोलायचंच नाही," रवी सर म्हणाले. "हिस्ट्री म्हणजे प्राउड. कागदात नाही तो शब्द लागत नसते."

चाळीस शब्दांत सगळा भूतकाळ कोंबणाऱ्या माणसाशी वाद घालून काय मिळणार? शब्दकोश घरी होता. तिने आपले शब्द आपणच काढले. परिच्छेदही पाठ केला. जागा हवी होती.

मुलाखतीला पाच जण आले, त्यांतले चार रवी सरांचे. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे बाकावर सगळं ऐकू येत होतं. प्रत्येकाला आपल्या गावाचा इतिहास विचारत होते. पहिल्या दोघांच्या गावांवर एकाच राजघराण्याने राज्य केलं. तिसरा कळंबचा रोशन. चिंतामणी गणपतीच्या गावचा माणूस, सांगण्यासारखं चिक्कार. पण देऊळ कागदात नव्हतं, म्हणून त्यानेही तेच राजघराणं कळंबला नेऊन बसवलं. बाहेर येऊन तो म्हणाला, "मस्त झालं! अध्यक्ष मान हलवून राह्यले होते."

मान हलणारच. संस्थाध्यक्ष पुंडलिकरावांचं इंग्रजी सहीपुरतं होतं. ते अर्पिताच्याच गावचे. शेजारी अमरावतीच्या उर्वशी मॅडम, मुख्याध्यापिका. कळत होतं ते त्यांना एकट्यांना.

परिच्छेद म्हणायचा असं ठरवूनच अर्पिता आत गेली.

"कौसल्याबाईची नात ना व तू?" पुंडलिकराव खूश झाले. "आपल्याच गावची पोरगी, मॅडम! सांग यायले गावचा इतिहास. लय एकोप्याचं गाव आपलं. कधी तंटा नाही, बखेडा नाही. हे सांगजो बरं."

एकोपा हा शब्द ऐकला आणि पाठ केलेला परिच्छेद तिच्या तोंडातून निघेना. ती आपल्या शब्दांत बोलू लागली. छप्पन साली गावातली सहा घरं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. त्यांनी घरातले देव काढले, मेलेली ढोरं ओढायची बंद केली. मग गावच्या गिरणीने त्यांचं दळण बंद केलं. अकरा महिने. बाया जवारी डोक्यावर घेऊन तीन कोस चालत नेरला जात. तिची आजी तेव्हा बारा वर्षांची होती. गिरणीमालकाचं नाव सदाशिवराव.

इंग्रजी साधं होतं, दोनदा अडखळलं, पण चुकलं नाही. मॅडमचा पेन थांबला होता. पुंडलिकराव मात्र नाव ऐकताच फुलले.

"आमचे बाबाजी! काय म्हणते, मॅडम, बाबाजीबद्दल?"

मॅडमनी एकदा अर्पिताकडे पाहिलं. "म्हणते की, सर, तुमच्या वडिलांची गिरणी म्हणजे गावाचा वारसा आहे."

"वा! बाकीच्यायले आपापल्या गावातलं एक नाव घेता आलं नाही. हिलेच घेऊन टाका."

मॅडमची नजर सांगत होती, गप्प बस. जागा टेबलावर ठेवली होती, फक्त उचलायची होती. अर्पिताला किळस आली. रवी सरांचा परिच्छेद खोटा होता, पण त्यात तिच्या आजीचं काही नव्हतं.

"मी तसं नाही म्हटलं, काकाजी. आमची जवारी दळायची नाही, असं बाबाजीनं अकरा महिने ठरवलं होतं. आमची आजी नेरले दळण नेत होती. हे म्हटलं मी."

पुंडलिकराव रागावले नाहीत. तोंडातला पेढा कोणी काढून घ्यावा तसे ते पाहत राहिले.

"मंग हे मराठीत काहून सांगतलं व? इंग्रजीत चांगलं वाटत होतं."

"तुम्ही विचारलं म्हणून."

"सत्तर वर्षं झाली त्याले. आता कायले उकरता? पोरायले हेच शिकवशील का?"

"जागा इतिहासाच्या शिक्षकाची आहे, काकाजी."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी कागदाकडे पाहिलं. "ठीक आहे, कळवू," मॅडम म्हणाल्या. आणि पुंडलिकरावांनी शिपायाला पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

अर्पिताने फाइल उचलली. नमस्कार तिने फक्त मॅडमना केला, आणि तोही करायला नको होता, असं तिला दारातच वाटलं.