फुकटच्या ट्यूबचं वाण

मित्रांनो, तुमच्या आईच्या अंगठ्याएवढी माझी उंची. आता मी रिकामी आणि मधोमध कापलेली, भिसेगावातल्या एका मोरीच्या कोनाड्यात पडून असते. एके काळी माझ्या पोटात गुलाबी क्रीम होतं. मी नमुन्याची ट्यूब, म्हणजे जिला कुणी किंमत लावत नाही अशी.

माझा जन्म साजगावकडच्या एका कारखान्यात झाला. त्याच यंत्रातून, त्याच क्रीमने भरलेल्या माझ्या मोठ्या बहिणी निघत. त्यांना एकेक चकचकीत खोकं मिळे, आम्हा सगळ्यांना मिळून एकच पुठ्ठ्याची पेटी. त्यांच्या अंगावर किंमत छापत, आमच्या अंगावर 'मोफत नमुना, विक्रीसाठी नाही'. त्याच्या लगेच वर वापरायची शेवटची तारीख. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

कर्जतच्या बाजारपेठेत एका दुकानाबाहेर अपेक्षा नावाची मुलगी आम्हाला टेबलावर मांडून बसे. कंपनीने तिला त्यासाठीच ठेवलं होतं. येणाऱ्या बाईच्या मनगटावर क्रीमचा ठिपका लावायचा, चार गोड शब्द बोलायचे आणि आमच्यातली एक तिच्या हातात ठेवायची. एका बाईला एकच, असा नियम होता.

हर्षला पहिल्यांदा आली ती साधीच. पुन्हा आली तेव्हा तोंडाला ओढणी गुंडाळलेली. त्यानंतर ओढणीवर गॉगलही चढला. अपेक्षाला हसू आवरेना.

"वहिनी, गॉगल लावलात, पन चपला त्याच हायेत ना," ती म्हणाली.

हर्षला रडकुंडीला आली. तिची लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. तिचा नवरा देवेश ज्या कारखान्यात जाई तो दिवाळीपासून बंद. इकडे सासूबाईंनी, सोनुबाईंनी, आळीभर हळदीकुंकवाची बोलावणी केलेली आणि वाण द्यायला घरात काही नाही. "पैल्याच वर्साला बाया रिकाम्या हातानं कशा लावून देऊ, गं?" ती म्हणाली.

अपेक्षाने थोडा विचार केला. "बायांना वाटायलाच दिल्यात मला. हितं वाटल्या काय नि तुमच्या घरी वाटल्या काय! धरा पिशवी."

अशी मी भिसेगावात आले. तिथे हर्षलाने घोळ घातला. बायांना फुकटचं कळलं तर आपलं हसं होईल, या धास्तीने तिने लग्नातली नेलपॉलिश काढायची बाटली शोधली आणि कापसाच्या बोळ्याने एकेकीच्या अंगावरचं 'मोफत नमुना' पुसत बसली. आमच्या अंगावर जागा ती केवढी! बोळ्याबरोबर वरची तारीखही गेली. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. पहिलं वाण तुळशीला ठेवायची रीत, म्हणून तिने शेवटी मला उचललं. "देवाला काय फशिवायचं?" असं पुटपुटून मला तशीच, न पुसता, वृंदावनापाशी ठेवली. तिथून उघड्या दारातून मला ओटीवरचं सगळं दिसत होतं.

संध्याकाळी बाया जमल्या. काळी साडी आणि हलव्याचे दागिने घातलेली हर्षला हळदीकुंकू लावत होती, तिळगूळ आणि वाण हातात देत होती. "आमच्या सुनंनं मेकपचं वाण काडलंय," असं सोनुबाई दारातच प्रत्येकीला सांगत होत्या. आमच्यामुळे कुणाची मान एवढी ताठ होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शेजारच्या हर्षदच्या आईला मात्र प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून बघायची खोड. एकदा जुनं मलम लावून तिचा चेहरा सुजला होता. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात.

"ह्याच्यावर तारीख नाय कशी गं? पुसल्यासारकं दिसतंय."

बाकीच्यांनीही आपापली ट्यूब दिव्याखाली धरली. मग एकीने ती हळूच चटईवर ठेवली. मग दुसरीने. मित्रांनो, एकदा घेतलेलं वाण कुणी परत ठेवत नाही. सोनुबाईंचा चेहरा उतरला आणि मला फार वाईट वाटलं.

हर्षलापुढे इकडे आड, तिकडे विहीर. माझ्यावरची तारीख दाखवली तर माल चांगला आहे हे पटलं असतं. पण तारखेखालचं वाक्यही आळीभर वाचलं गेलं असतं. तिने एकदा सासूकडे बघितलं. मग उठून तुळशीकडे आली आणि मला उचललं.

"ही बगा. तारीख लई लांब हाय. बाकीच्यांची माज्या हातनं पुसली गेली. फुकट गावल्यात त्या. तुमाला कळू नाय, म्हनून पुसत व्हते."

हर्षदच्या आईने मला डोळ्यांपासून लांब धरून नीट वाचलं.

"फुकट?" ती म्हणाली. "आन आमाला सांगितलं नाय व्हय? कुटलं दुकान, गं?"

हसण्याने ओटी भरून गेली. चटईवरच्या ट्यूबा पटापट पिशव्यांत गेल्या. दुसऱ्या दिवशी अपेक्षाच्या टेबलाभोवती भिसेगाव लोटलं, असं नंतर कानावर आलं.

सोनुबाई मात्र हसल्या नाहीत. बाया गेल्यावर त्यांनी हर्षलाला जवळ बसवलं आणि तिची बोटं बघितली. नेलपॉलिश काढायच्या त्या पाण्याने पुसून पुसून त्यांची सालं निघाली होती.

"माज्यापासनं पन लपवलंस?"

"तुमची मान खाली जाईल म्हनून, आत्या."

"आगं, मी आले असते ना तुज्यासंगं. दोगींच्या दोन मिळाल्या असत्या."

एवढं बोलून त्यांनी माझं झाकण उघडलं आणि सुनेच्या एकेका बोटाला क्रीम चोळलं. हर्षला तेव्हा रडली. इतके दिवस अडवून धरलेलं रडू होतं ते.

पुढे मी बरेच दिवस पुरले. संपले तेव्हा सोनुबाईंनी मला कात्रीने कापलं, आत बोट फिरवलं, आधी सुनेच्या हाताला लावलं आणि उरलं ते आपल्या. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी तंगीच्या खुणा एकटीच पुसत बसली असेल, तर तिची बोटं एकदा हातात घेऊन बघा.